बारूखच्या नावावर फुली

बुधवार, १४ जून
सकाळी दहा

तीर्थरूप बाबांस,

साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे तिघेही बरे आहोत. तिघे म्हणायची सवय अजून अंगवळणी पडायची आहे.

बाळ आज सोळा दिवसांचं झालं. वजन तीन किलो शंभर ग्रॅम. कावीळ चौदावर गेली होती ती सहावर आली. तीन दिवस त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं, डोळ्यांवर कापडाची पट्टी बांधून. पट्टी सैल होती. मी ती दोनदा काढून परत बांधली, तेव्हा सिस्टर म्हणाली, "तुम्ही काय डोळ्यांच्या डॉक्टर आहात का?" मी म्हटलं, नाही, आमच्या घरी भिंगं घासतात.

कावीळ उतरेपर्यंत थांबायला सांगितल्यामुळे आठव्या दिवशीचा सुंतेचा विधी राहिला, हे तुम्हाला माहीत आहे. आता तो पुढच्या मंगळवारी, वीस तारखेला, सकाळी अकराला ठरला आहे. नावही त्याच दिवशी ठेवायचं. तोवर त्याच्या पायातल्या चिठ्ठीवर फक्त माझं नाव आणि 'मुलगा' एवढंच आहे.

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. फोन न करता पत्रच लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि आईच्या हातात देता. कागदाचं तसं नाही. तो शेवटपर्यंत वाचावा लागतो, निदान धरून तरी बसावं लागतं.

एक गंमत सांगते. जन्माच्या पहिल्याच दिवशी सिस्टरने बाळाच्या मांडीत लस टोचली. कसली, विचारलं तर म्हणाली, हिपॅटायटिस बी. बाळ किंचाळत होतं आणि मला हसू येत होतं. सिस्टरला वाटलं असेल, बाई जरा विचित्रच आहे. तिला काय सांगणार, की ही लस शोधणारा म्हणजे आमच्या घरचा 'तिसरा बारूख'.

तुम्हाला आठवत असेल. मी आणि दादा कारखान्यातल्या लाकडी बाकावर बसायचो, तुम्ही चाकावर काच धरायचात, पाणी आणि एमरीच्या भुकटीचा चिखल तुमच्या मनगटापर्यंत आलेला असायचा, आणि तुम्ही तीन बारूखांच्या गोष्टी सांगायचात. पहिला, आपल्या धर्मग्रंथातला लेखनिक. संदेष्टा सांगायचा आणि हा शाईने उतरवून घ्यायचा. राजाला ते लिखाण आवडलं नाही. वाचणारा तीन-चार रकाने वाचायचा, राजा तेवढी पट्टी सुरीने कापायचा आणि समोरच्या शेगडीत टाकायचा. दुसरा आपल्या धंद्यातला, भिंगं घासणारा तत्त्वज्ञ. तेविसाव्या वर्षी त्याच्याच लोकांनी त्याला बाहेर काढलं. त्याने नाव परभाषेत करून घेतलं, पण अर्थ तोच ठेवला: धन्य. तिसरा हा लसवाला, कावीळ रक्तातून कशी जाते ते ज्याला सापडलं आणि ज्याला त्याबद्दल नोबेल मिळालं. आणि मग तुम्ही चाक थांबवून म्हणायचात, "चौथे माझे वडील. आणि पाचवा हा बसलाय, नाकात बोट घालून."

पाचव्याचं नाव शाळेच्या कारकुनाला नीट ऐकू आलं नव्हतं. त्याने हजेरीत 'बारीक' लिहिलं. दादा तेव्हाही चांगला गुटगुटीत होता, त्यामुळे ते नाव त्याला जन्मभर चिकटलं. आजही नव्वद किलोच्या माणसाला सगळे बारीक म्हणतात. तुम्ही एकटेच त्याला पूर्ण नावाने हाक मारायचात.

आता तुमच्या पत्राबद्दल.

तुम्ही लिहिलंत की बाळाचं नाव बारूख ठेवावं, पणजोबांचं नाव घरात परत यावं, आणि तसं असेल तर तुम्ही स्वतः येऊन विधीच्या वेळी मानाने बाळाला मांडीवर घ्याल. पुढे लिहिलंत, "ती जागा रिकामी आहे." मी ही ओळ चार वेळा वाचली. आपल्या घरात जिवंत माणसाचं नाव बाळाला ठेवत नाहीत. ही रीत तुम्हीच शिकवलीत. आत्याने आजीचं नाव मुलीला ठेवायचं काढलं, तेव्हा आजी समोर बसून वाटाणे सोलत होती, आणि तुम्ही आत्याला म्हणालात, "आधी तिला पोचव, मग ठेव." आजी आठवडाभर हसत होती.

तेव्हा 'रिकामी' या शब्दाचा अर्थ मला कळतो. मी बाळाला बारूख हाक मारली की दादा मेला. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही ग्रंथाच्या पहिल्या पानावर, जिथे घरातल्या सगळ्यांची नावं आहेत, त्याच्या नावावर फुली मारलीत. ती शाई होती. आता तुम्हाला ती माझ्या मुलाकडून पक्की करून घ्यायची आहे.

मी नाव ठेवणार नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुमची आशा लटकत राहायला नको.

काल मी दादाला फोन केला. तो चष्म्याच्या फ्रेमा दुरुस्त करतो, रस्त्याच्या कडेला, चार फूट रुंदीच्या दुकानात. काड्या बसवतो, स्क्रू बदलतो. भिंगाला हात लावत नाही. भिंग घेऊन कोणी आलं की समोरच्या दुकानात पाठवतो. मी तुमच्या पत्रातली ती ओळ त्याला वाचून दाखवली. तो हसला. म्हणाला, "ठेव की. मला सगळे बारीकच म्हणतात, ते नाव नुसतं पडून आहे." मग स्क्रूड्रायव्हर डबीत टाकल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "फक्त मी मेलोय असं पोराला सांगू नकोस. कधी चष्मा लागला तर यायचा माझ्याकडे."

बाळ उठलं.


दुपारी तीन

सकाळचं वाचून पाहिलं. सगळं बरोबर आहे, पण एक गोष्ट मी टाळली आहे. नोकरीत मी हेच काम करते: दुसऱ्यांच्या मापातली चूक शोधते आणि खाली सही करते. स्वतःच्या कागदावर चूक दिसत असताना सही करणं मला जमणार नाही.

अकरा वर्षांपूर्वीची ती खेप. ओतकामाच्या कारखान्यासाठी सुरक्षा चष्मे, चारशे जोड. भिंगं कडक करायच्या आपल्या भट्टीची कॉइल जळाली होती, मेकॅनिक नऊ दिवस आला नव्हता, आणि माल द्यायची तारीख अंगावर आली होती. मी सतरा वर्षांची होते आणि तपासणीच्या टेबलावर बसत होते. दोन ध्रुवक काचांची ती काळी पेटी तुम्ही मला स्वतः वापरायला शिकवली होती. भिंग मध्ये धरायचं आणि उजेडाकडे बघायचं. भट्टीतून नीट कडक होऊन आलेल्या भिंगात काळी फुली दिसते, जे भट्टीत गेलंच नाही त्यात काहीच दिसत नाही. तुमचे शब्द मला पाठ आहेत: "फुली दिसली की समजायचं, हे आगीतून जाऊन आलंय. हे डोळा सांभाळणार."

मी साठ भिंगं पेटीत धरली. एकातही फुली नव्हती. मी तुमच्याकडे आले. तुम्ही वर न बघता म्हणालात, "या खेपेला जाऊ दे. मार शिक्के." मी मारले. चाळीस खोकी, प्रत्येकावर 'तपासले'.

आणि मग ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसून त्या ओतकामाच्या कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याला पत्र टाइप केलं. मी, बाबा. दादाने नाही.

खाली नाव घालायचा मला धीर झाला नाही. दादा टेम्पोत माल भरत होता, किल्ली घ्यायला आत आला आणि त्याने माझ्या खांद्यावरून ते वाचलं. म्हणाला, "निनावी पत्र कोण वाचतं? शिपाई त्याच्यावर भजी ठेवील." पेन काढलं आणि खाली पूर्ण सही केली. शाळेतलं नाव नाही, खरं नाव. आणि खोक्यांबरोबर पत्रही स्वतः नेऊन दिलं.

माल परत आला. पत्राची प्रतही आली. तुम्ही कात्रीने तिच्या पट्ट्या कापल्यात आणि एकेक करून भट्टीत टाकल्यात, त्याच आठवड्यात दुरुस्त होऊन आलेल्या भट्टीत. दादा समोर उभा होता. मी तपासणीच्या टेबलावर होते आणि मी काहीही बोलले नाही. तुम्ही म्हणालात, "कुठे कोणाचा डोळा गेला? बापाचं नाव मात्र गेलं." नाही गेला कोणाचा डोळा. पत्र वेळेवर पोहोचलं म्हणून नाही गेला.

तुम्ही आम्हाला राजाची गोष्ट इतक्या वेळा सांगितलीत, तरी कात्री हातात घेताना तुम्हाला ती आठवली नाही. मला आठवली. तरीही मी गप्प बसले. राजाच्या दालनात उभे असलेलेही बहुतेक गप्पच होते.

दादा घर सोडून जाताना मला म्हणाला होता, "तुझा डिप्लोमा होऊ दे, मग बोल." डिप्लोमा झाला. नोकरी लागली. लग्न झालं. दर वेळी बोलायचं ठरवलं आणि दर वेळी तुम्ही पाहुण्यांसमोर म्हणालात, "एक कार्टं वाया गेलं, पण मुलगी माझ्यावर गेली." ते ऐकायला मला आवडायचं. यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडे नाही.

एक प्रश्न मात्र मला अकरा वर्षं पडलेला आहे. त्या पत्रात लिहिलं होतं, "तपासलेल्या साठपैकी एकाही भिंगात फुली नाही." दादाने आयुष्यात कधी साठ भिंगं मोजून तपासली? तो सहा बघायचा आणि चहाला जायचा. हे तुमच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. साठ मोजणारं तुमच्या कारखान्यात एकच माणूस होतं. तुम्ही मला ओळखलं नाहीत, की ओळखायचं नाही असं ठरवलंत?

उत्तर लिहून पाठवायची गरज नाही. तुम्ही मंगळवारी काय करता त्यावरून मला कळेल.

त्या गोष्टीचा शेवट तुम्ही नेहमी चाक परत सुरू करता करता सांगायचात, त्यामुळे तो अर्धा आवाजात बुडायचा. राजाने जाळल्यावर बारूखने दुसरा पट घेतला, सगळं पुन्हा लिहिलं, आणि त्यात आणखी भर घातली. तसं मी करते आहे.

चारशे जोड सुरक्षा चष्म्यांपैकी साठ भिंगं तपासली. एकाही भिंगात फुली नाही. ही भिंगं भट्टीत गेलेली नाहीत. कृपया कामगारांना देऊ नयेत. एवढं जळलं ते. आता भर: खोक्यांवरचे शिक्के मी मारले. पत्र मी लिहिलं. सही माझ्या भावाने केली, कारण माझा हात पुढे झाला नाही. आणि त्याची शिक्षा त्याने एकट्याने भोगली, मी तुमच्या शेजारी बसून जेवत असताना.

मंगळवारी बाळाला दादा मांडीवर घेईल. तो नको म्हणाला. मी त्याला सांगितलं की मी विचारत नाहीये. बाळाला वेगळं नाव ठेवणार आहोत. ते काय, ते मंगळवारी येणाऱ्यांना कळेल. बारूख हे नाव वापरात आहे.

दादाला मी हे पत्र वाचून दाखवलेलं नाही. त्याने मला आजही गप्प राहायला सांगितलं असतं, म्हणून.

आईने तुमच्या पत्राच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं होतं, "मला बाळ बघायचंय." तुम्ही ते पाहिलं की नाही, माहीत नाही. तिला येऊ द्या. तुम्ही आलात तर तुमच्यासाठी खुर्ची ठेवली आहे, दादाच्या उजवीकडे. दुसरीकडे बसता येणार नाही, खोली लहान आहे.

आणि येताना ग्रंथ घेऊन या. पहिल्या पानावर फुली मारायची असेल तर ती कोणाच्या नावावर, ते आता तुम्हाला माहीत आहे. माझ्या नावावर मारा; मी समोर बसून बघेन. दादाच्या नावावरची मात्र खोडू नका, असं मला आता वाटतं. असू दे. तुम्हीच शिकवलंत, फुली दिसली की समजायचं ते कुठून जाऊन आलंय.

पत्र मी आजच टाकते आहे, म्हणजे शुक्रवारी तुमच्या हातात पडेल. कापायचं असेल तर कापा. माझ्याकडे प्रत आहे.

तब्येतीला जपा. डाव्या डोळ्याचे थेंब सकाळ-संध्याकाळ घालायचे आहेत, फक्त सकाळी नाही.

आपली
('आज्ञाधारक' हा शब्द या वेळी लिहिलेला नाही. तो विसरलेला नाही.)

बारूखची बहीण