गोळीचं पाणी

माय, परवा मामानं पुन्हा तोच विनोद केला. शिरूर अनंतपाळला त्याच्या नातीचं लग्न होतं. जेवणं झाल्यावर मी खिशातून गोळी काढली, तर म्हातारा सगळ्यांदेखत म्हणतो, "आरं, दारू सुटली ना तुझी? मग आता दवा कशाला? जोडी हाय ती!" सगळा मांडव हसला.

हा विनोद तुझ्यामुळंच जन्माला आला, आठवतं ना? लातूर जिल्हा नवा झाला, बापूला कलेक्टर कचेरीत शिपायाची नोकरी लागली आणि आपण गावाहून लातुरात आलो. त्यात दुष्काळ. गल्लीत टँकर आला की बायांची भांडणं. त्याच उन्हाळ्यात माझं डोकं फिरलं. आधी झोपच नाही, अंगात चार माणसांचं बळ. मग महिनाभर भिंतीकडं तोंड. तू मला एसटीत घालून नांदेडच्या डॉक्टरकडं नेलंस. शेजारणीनं विचारलं तर लपवाछपवी नाही, सरळ सांगितलंस, "पोराची दवादारू चालू हाय." मामानं ते ऐकलं आणि संध्याकाळी क्वार्टर घेऊन हजर. "अक्का, दवा तू दे, दारू मी देतो."

तू ती बाटली मोरीत रिकामी केलीस. "भाऊ हायस म्हणून सोडते," म्हणालीस. घरात रांजणाचा तळ दिसायचा, भांडी आपण राखेनं नुसती पुसून घ्यायचो, पण एक तांब्या तू झाकून वेगळा ठेवायचीस. बापूला तहान लागली तरी, "ते गोळीचं पाणी हाय. हात लावायचा न्हाई."

तू गेलीस आणि मी मामाचं ऐकलं. गोळीनं झोप यायला वेळ लागायचा, दारूनं लगेच यायची. मग नोकरी गेली, बायको माहेरी गेली. दारू सुटली ती नांदेडलाच, व्यसनमुक्ती केंद्रात राहून. तिथला डॉक्टर बजावायचा, दारू सुटली म्हणून गोळी सोडायची नाही. गोळी सोडली की डोकं फिरतं, आणि डोकं फिरलं की पाय आपोआप गुत्त्याकडं वळतात. मी दोनदा शहाणपणा करून गोळी सोडून पाहिली, दोन्हीदा तोंडावर आपटलो. आता गोळीच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

म्हणून मांडवातच म्हणालो, "मामा, जोडी मोडली. दारूला फारकत दिली. दवा नांदून राहिली." त्यालाही हसू आवरलं नाही. मी सगळ्यांसमोर गोळी गिळली.

हे पत्र टाकू तरी कुठं? मेल्यावर माणूस कुठंतरी जातं, हे तूच मानत नव्हतीस. राहू दे इथंच. पण एक सांगतो. हसत हसत मामानं मला जवळ ओढलं, त्याच्या तोंडाला वास होता, आणि माय, इतक्या वर्षांनी माझ्या तोंडाला पाणी सुटलं. लई भ्यालो. तडक उठून बसस्टँड गाठलं. आता घरी नळाला पाणी असतं, तरी आल्या आल्या आधी एक तांब्या भरला आणि झाकून ठेवला.