न गळणारा नळ

४ सप्टेंबर

ती. आईस,
टिटवीचा सा. न. वि. वि.

सामान पोचलं, मीही पोचले, आणि दोघं एकाच गावात पोचलो हे विशेष. फोनवर आपल्या दोघींचं तिसऱ्या वाक्याला वाजतं म्हणून बाबांनी पत्रांचा कायदा काढला, तेव्हा मला हसू आलं होतं. आता बरं वाटतंय. लिहिताना तू मधे बोलू शकत नाहीस.

दोन्ही कॉलेजांनी ठरवल्याप्रमाणे मुलींची अदलाबदल झाली. चार महिने इथल्या घरची लेक आपली भाषा शिकायला तुझ्याकडे आणि मी इमारतींचा अभ्यास करायला तिच्या खोलीत. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिच्या आईला मी काकू म्हणते. अर्थ सांगितल्यावर त्यांना ते आवडलं. नवरा जाऊन काही वर्षं झाली. एका दुकानासाठी पडदे शिवतात. घरात सगळीकडे कापडाचे तागे, आणि सोफ्यावर बसायच्या आधी टाचण्या चाचपून बघाव्या लागतात.

मी रोज उठल्यावर पांघरुणाची घडी घालते आणि कप धुऊन ठेवते. काकू म्हणाल्या की त्यांच्या मुलीने जन्मात कधी घडी घातली नाही, तुझ्या आईने तुला फार छान वळण लावलंय. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. हे वाचून तू बाबांना काय म्हणशील तेही मला इथे ऐकू येतंय.

काकू रोज विचारतात की घरून पत्र आलं का आणि त्यात त्यांच्या लेकीचं काही आहे का. ती स्वतः त्यांना का कळवत नाही हे विचारायचा धीर झाला नाही. तेव्हा तिच्याबद्दल चार ओळी लिही. बाबांना नमस्कार.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी टिटवी


१५ सप्टेंबर

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद, आणि त्यातला एक त्या घडीला.

पांघरुणाची घडी. मी ते वाक्य बाबांना दुकानातून बोलावून वाचून दाखवलं. त्यांच्यासमोर चष्म्याचं गिऱ्हाईक बसलं होतं, तरी आले. वीस वर्षं मी घसा कोरडा केला तो कुठल्या तरी तिसऱ्या मजल्यावर उपयोगी पडला म्हणायचा.

आता पाहुणीचं ऐक. मी हॉस्पिटलमधून रात्रपाळी संपवून येते तेव्हा ती उठून, आवरून, टेबल पुसून बसलेली असते. मुलांच्या वॉर्डात इतकी वर्षं काढली, पण इतकं शहाणं मूल मी पाहिलं नाही. आपली भाषा ती पुस्तकातली बोलते. काल म्हणाली, मी तृप्त आहे, आपण मला अधिक वाढू नये. तू कधी तृप्त असल्याचं मला आठवत नाही. बाबांनी तिचे डोळे तपासले, नंबर निघाला, आणि तिला नवा चष्माही करून दिला. तुझी निळी शाल तिला वापरायला दिली आहे. थंडी वाजत होती.

फक्त एक खटकतं. आई कशी आहे असं विचारलं की म्हणते, उत्तम. मग ताट उचलून आत जाते. नळ सोडून बराच वेळ ते एकच ताट धुते. तिच्या आईला सांग की मुलगी नीट जेवते. बाकी मी बघते.

काळजी घे, आणि वळण तिथेच संपवून येऊ नकोस.
तुझी आई


२७ सप्टेंबर

ती. आईस, साष्टांग नमस्कार. (निळ्या शालीचा निषेध वेगळ्या पत्रात करीन.)

मुलगी नीट जेवते हे काकूंना सांगितलं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं आणि मग शिवायला बसल्या. पडद्याची शिवण वाकडी गेली, सगळी उसवावी लागली.

आमच्या मास्तरांनी प्रत्येकाला एकेक जिना मोजायला दिलाय. म्हणतात, घरातली माणसं कशी राहतात ते जिना सांगतो. मी काकूंच्याच इमारतीचा जिना घेतला, कारण तो जवळ आहे. (आळस माणसाला कुठेही गाठतो.) दुपारभर मोजपट्टी घेऊन पायऱ्यांवर बसते, त्यामुळे मला सगळं कळतं. तळमजल्यावर एक दंतवैद्य राहतात. मी त्यांना दातवाले काका म्हणते. उंच, वाकलेले, दात काढताना स्वतःच माफी मागत असतील असा चेहरा. ते दर रविवारी हत्यारांची पेटी घेऊन तिसऱ्या मजल्यावर येतात, बेल वाजवतात, आणि स्वयंपाकघराचा नळ दुरुस्त करतात.

आई, तो नळ गळत नाही. मी नीट पाहिलंय, थेंबसुद्धा नाही. तरी ते तो उघडतात, पुसतात, पुन्हा बसवतात. काकू शेजारी उभं राहून दिवा धरतात. भर दुपारी. मग दोघं चहा पितात, आणि इतर वेळी गप्प असणाऱ्या काकूंचं हसणं जिन्यात दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येतं.

मला वाटतं, पाहुणीच्या न लिहिण्याची गाठ या नळाशी आहे. तू तिला हळूच विचार. हळूच म्हणजे तुझ्या पद्धतीने नव्हे.

पत्राची वाट बघणारी,
टिटवी


८ ऑक्टोबर

चि. टिटवीस, आशीर्वाद.

हळूच विचारलं. बाबा साक्षीला आहेत.

तिने सगळं सांगितलं. तिच्या आईला त्या दातवाल्याशी लग्न करायचंय. निघायच्या आदल्या दिवशी पाहुणीने आईला बजावलं की तू हे लग्न केलंस तर मी परत येणार नाही. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. आपल्याकडे राहायची मुदत वाढवून मिळते का, असं तिने कॉलेजात विचारूनही ठेवलंय.

खरं सांगते, मला तिचीच बाजू पटली. लग्नाच्या वयाची लेक घरात असताना आईने बोहल्यावर चढायचं म्हणजे काय. लोक तोंडावर पेढे खातात आणि पाठीमागे बोटं मोडतात. मी तिला जवळ घेतलं, राहा म्हटलं हवी तितकी. तूही त्या भानगडीत पडू नकोस. रविवारी वाचनालयात जात जा. तो माणूस आला की जिन्यावर बसायचं नाही. जिना काय, दुसराही मिळेल मोजायला.

बाबांचं मत मी विचारलं नाही, तरी त्यांनी दिलं. म्हणाले, नळ चांगला आहे ना, मग झालं. त्यांना कशाचं गांभीर्य नाही.

सांभाळून राहा.
आई


१९ ऑक्टोबर

ती. आईस, नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी रागाने तीन मजले उतरले आणि पुन्हा चढले. आता लिहिते.

तू सांगितलंस म्हणून वाचनालयात गेले असते, पण त्याची गरज उरली नाही. दातवाले काका यायचे थांबलेत. काकूंनीच त्यांना सांगितलं की मुलीचा होकार येईपर्यंत वर येऊ नका. त्यांनी मान हलवली आणि पेटी उचलून गेले. नंतर जिन्यात भेटले तेव्हा मी उगाच विचारलं, कसे आहात. म्हणाले, रविवार फार लांब असतो.

काकूंचं सांगते. कामावरून येतात, मशीन सुरू करतात, बंद करतात, रेडिओ लावतात, बंद करतात. दोन माणसांचं जेवण करतात, कारण मी आहे. मी परत गेल्यावर एकाचं करतील. माझ्याशी बोलायला बघतात, पण त्यांची भाषा मला पहिलीतल्या मुलाइतकी येते. हवा, भाजी आणि जिना एवढ्यावर किती बोलणार. लोक बोटं मोडतील ती दिवसा. संध्याकाळी या घरात बोटं मोडायलाही कोणी येत नाही.

आणि आई, परवापासून नळ खरंच गळतोय. खाली भांडं ठेवलंय. मी म्हटलं, दातवाल्या काकांना बोलावू का. काकू म्हणाल्या, नको, शब्द दिलाय. भांडं भरलं की उठतात, ओततात, परत ठेवतात.

तू पाहुणीला जवळ घेतलंस ते बरंच केलंस. आता जरा लांब धरून तिच्याकडे बघ.

तुझीच (म्हणूनच हट्टी),
टिटवी


३० ऑक्टोबर

चि. टिटवीस,
बाबांचे आशीर्वाद. आई पाळीवर आहे, म्हणून मी लिहितो. तिला वाटतं मी वीजबिल भरायला गेलोय.

तुझं पत्र तिने वाचलं, घडी करून ठेवलं, पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता तुझी काही धडगत नाही. पण ती उठून पाहुणीच्या खोलीत गेली. त्यानंतर जे झालं ते तुला ओळखीचं वाटेल. आवाज चढले, दार आपटलं, उघडलं, पुन्हा आपटलं. मी मधल्या खोलीत वर्तमानपत्र उलटं धरून बसलो होतो.

पाहुणीचं म्हणणं, तो माणूस माझ्या वडिलांच्या खुर्चीत बसेल. आईने विचारलं, तू परत गेल्यावर रोज संध्याकाळी आईजवळ बसणार आहेस का. पाहुणी म्हणाली, नाही, मी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाणार. आई म्हणाली, मग तुझ्या आईने बोलायचं कोणाशी, नळाशी का? यावर पाहुणीला हसू आलं आणि हसता हसता ती रडायला लागली. पुस्तकातली भाषा पार विसरली. तू माझी आई नाहीस, तू मला बोलायचं नाहीस, असं इतकं अस्सल म्हणाली की मला क्षणभर तूच आल्यासारखं वाटलं. जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी चमत्कार. दहा वाजले तरी उठली नाही. पांघरूण जमिनीवर, कप तसाच, टेबलावर सांडलेला चहा. मी घाबरलो, आता हिचं काय होणार. पण तुझी आई कपाकडे बघून म्हणाली, चला, एकदाची घरची झाली. आणि तो कप तिने स्वतः धुतला.

संध्याकाळी पाहुणीने लिहायला कागद मागितला. पुढचं तुला तिकडेच कळेल.

मी लिहिल्याचं आईला कळवू नकोस. तिला ते ठाऊक असणारच.
तुझे बाबा


१४ नोव्हेंबर

ती. आईस व ती. बाबांस, नमस्कार.

मी पहिल्या मजल्याच्या पायऱ्या पुन्हा मोजत होते, कारण मास्तरांनी आकडे चुकल्याचं दाखवून दिलं. पोस्टमन पत्र देऊन गेला आणि काकूंनी ते तिथेच जिन्यात उघडलं. मी मोजत होते नेमक्या त्याच पायरीवर त्या बसल्या. मोजपट्टी त्यांच्याखाली गेली. काढून घ्यायची हिंमत झाली नाही.

वाचून झाल्यावर त्यांनी मला सांगितलं. पाहुणीने लिहिलंय की मला हे आवडलेलं नाही, लगेच आवडेल असंही नाही. पण मी आल्याशिवाय लग्न करू नका. आणि बाबांच्या खुर्चीत मीच बसणार, त्यांनी त्यांची आणावी.

काकू उठल्या, तळमजल्यावर गेल्या आणि दातवाल्या काकांचं दार ठोठावलं. आत एक रोगी तोंड उघडून बसलेला असणार, कारण काका तसेच मुखपट्टी लावून बाहेर आले. काकू फक्त एवढंच म्हणाल्या की आमचा नळ गळतोय. ते मुखपट्टीसकट तिसऱ्या मजल्यावर धावले. हातात पेटी नव्हती. पेटी आणायला परत खाली गेले, तेव्हा मला म्हणाले की आज नळ लवकर दुरुस्त होईलसं वाटत नाही. रोगी बिचारा तसाच.

डिसेंबरमध्ये लग्न आहे. पाहुणी थोडी लवकर परत येईल, मी शेवटचे दिवस सोफ्यावर काढीन. आई, तू काय केलंस ते मला कोणी सांगितलेलं नाही, पण कळलं. थँक्यू म्हटलं तर तू चिडशील, म्हणून म्हणत नाही.

माया आहेच, ती कळवत राहा.
टिटवी


२८ नोव्हेंबर

चि. टिटवीस, पोटभर आशीर्वाद.

पाहुणी उद्या निघते. बॅग बंद होईना म्हणून बाबा तिच्यावर बसलेत आणि चष्मा शोधतायत. चष्मा त्यांच्याखाली आहे, पण अजून सांगितलं नाही.

गेला महिनाभर आम्ही रोज भांडलो. ओल्या छत्रीवरून, दिव्यांवरून, कशावरूनही. आता तिची भाषा उत्तम झाली आहे. तिला जाताना बघून मला काय होतंय ते लिहीत नाही, वॉर्डात बदली नर्स मिळत नाहीये आणि मला पाळीवर जायचंय.

सोबत तुझ्या काकूंना निरोप देते. शब्दाला शब्द सांग, तुझी चतुराई घालू नकोस. तुमची मुलगी गुणी आहे, आळशी आहे आणि तोंडाळ आहे. परक्या घरी शहाणी वागत होती तोपर्यंत मला तिची काळजी वाटायची. तुमच्या लग्नाबद्दल मी आधी बरं बोलले नव्हते, ते तुम्हाला कळलंही नसेल, पण मला माहीत आहे. दोघं सुखी राहा. आणि माझी मुलगी अजून घडी घालत असेल तर तिला जरा ओरडा, तिलाही घर वाटू दे.

तुझी आई


१६ डिसेंबर

ती. आईस, ती. बाबांस, कडकडून नमस्कार.

निरोप शब्दाला शब्द सांगितला. काकूंनी ऐकून घेतला, डोळे पुसले आणि मला टॉवेल उचलायला ओरडल्या. पहिल्यांदाच. मला इतकं बरं वाटलं की मी तो उचललाच नाही.

लग्न काल कचेरीत झालं. माणसं मोजकीच. दातवाले काका इतके घाबरले होते की अधिकाऱ्याने प्रश्न विचारायच्या आधीच हो म्हणाले. अधिकारी म्हणाला, थांबा, अजून नाव विचारतोय. पाहुणी गंभीर चेहऱ्याने उभी होती, तिथे तिला हसू फुटलं, आणि मग सगळेच हसले.

घरी आल्यावर मात्र मायलेकींची जुंपली. निमित्त फुलांच्या भांड्याचं. ते कुठे ठेवायचं यावरून सगळं जुनं निघालं, कोण कोणाशी किती दिवस बोललं नाही, सगळं. मी दार ओढून जिन्यात येऊन बसले. थोड्या वेळाने नवरदेवही बाहेर आले. नव्या कोटात, चेहरा पांढरा पडलेला. माझ्या शेजारी पायरीवर बसले आणि हळूच विचारलं की संपलं का, मुलगी परत जाणार का.

मी म्हटलं, काका, हे चांगलं चाललंय. त्या गप्प बसल्या असत्या तर मी घाबरले असते. आमच्याकडे रोज असतं. त्यांना ते पटलं नाही. आम्ही दोघं बसून राहिलो. आतून आवाज येत होते, मग काहीतरी पडलं, मग एकदम शांतता झाली. काकांनी माझा हात धरला. आणि मग आई, दोघींचं हसणं आलं. आधी एकीचं, मग दुसरीचं, मग कोणाचं कुठलं ते कळेना.

काका उठले. कोट झटकला, बेलकडे हात नेला. मी म्हटलं, काका, बेल कशाला, घर तुमचं आहे. त्यांनी हात मागे घेतला. मग खिशातून किल्ली काढली, उलटी घातली, सुलटी केली, आणि दार उघडून आत गेले.

मी पुढच्या आठवड्यात निघते. भांडायचे विषय काढून ठेव.
तुझी टिटवी