रेडिओतली बाई आणि माझे एक्केचाळीस दाणे

धाकटी बहीण कलिपा हिला वरच्या गावाहून थोरली बुरुलचा हिचे आशीर्वाद. तू, तुझा नवरा, तुमच्या मेंढ्या आणि तुझा तो गुडघा, सगळे धडधाकट असाल असं मी धरून चालते. (गुडघा दुखत असेल तर कळवू नकोस, माझे स्वतःचे दोन आहेत.) आम्ही बरे आहोत. गाय आटली, सरपण भरलं, दात होते तेवढेच आहेत. पत्राला उशीर झाला, कारण मला लिहायची हुक्की येते तेव्हा चष्मा म्हाताऱ्याच्या नाकावर असतो आणि म्हाताऱ्याचं डोकं रेडिओत असतं.

तू विचारलंस, बिश्केकला मेलिसकडे राहायला कधी जाताय. तेच सांगायला बसलेय. आमच्या मेलिसचं म्हणणं, आईबापांनी या वयात या उंचीवर हिवाळा काढणं म्हणजे मुलाच्या तोंडाला काळं फासणं. त्याच्या घरात नळाला गरम पाणी येतं. कलिपा, मी त्या पाण्यात हात घालून उभी राहिले आहे, मला कोणी पटवायची गरज नव्हती. मी पातेली कापडात गुंडाळून तयार होते. अडलं होतं म्हाताऱ्यापाशी, आणि म्हातारा अडला होता एका बाईपाशी.

ही बाई रेडिओत असते. दुपारचा चहा झाला की म्हातारा काटा फिरवतो, खरखर होते, मग फुटक्या भात्याच्या बाजाच्या पेटीसारखी एक धून वाजते आणि बाई रशियन भाषेत आकडे वाचायला लागते. पाच आकडे, जरा थांबते, पुन्हा पाच. नाव नाही, गाव नाही, हवापाण्याची चौकशी नाही. कुठून बोलते आणि कोणासाठी, देव जाणे. शेजारची अनिपा म्हणते हेरांचं काम आहे. असेल. म्हातारा त्यातलं काही लिहून घेत नाही, समजून घ्यायचा प्रयत्नही करत नाही, नुसता मान डोलावत चहा पितो. मी एकदा विचारलं, हे ऐकून तुम्हाला मिळतं काय? तर म्हणाला, "कोणीतरी वाचतंय म्हातारे, तर कोणीतरी ऐकायला नको?" (मी लग्न झाल्यापासून बोलते आहे, ते कोणी ऐकायचं, हे मात्र ठरलेलं नाही.) आता तुला ठाऊकच आहे, हा माणूस उभा जन्म घाटातल्या हवामानाच्या चौकीवर होता. बर्फ किती, वारा किती, सगळ्याचे आकडे करून रोज रेडिओवर वाचायचा, आणि पलीकडून कधी कोणी "बरं" सुद्धा म्हटलं नाही. म्हणून त्याला त्या बाईचा कळवळा.

शहरात ही बाई येत नाही. मागच्या हिवाळ्यात मेलिसने हौसेने आम्हा दोघांना रेडिओसकट नेलं होतं. सगळ्या इमारतीची यंत्रं त्यात गुणगुणायला लागली. म्हातारा गोधडी पांघरून बाल्कनीत बसला, रेडिओलाही एक गोधडी पांघरली, आणि आठवडाभर दोघं खरखरत राहिले. मग आम्ही घरी परतलो. इथे रेडिओची तार पोपलरच्या उंच झाडापासून संडासाच्या छपरापर्यंत ताणलेली आहे. तिच्यावर मी ओले मोजे वाळत घातले की बाई जास्त स्पष्ट बोलते, असं त्याचं म्हणणं आहे. त्यामुळे घरात कोरडे मोजे कोणालाच मिळत नाहीत.

तर झालं असं. अनिपाची घोडी हरवली म्हणून ती दाणे टाकून शकुन बघायला माझ्याकडे आली. आईने आपल्याला शिकवलं तसे मी घेवड्याचे एक्केचाळीस दाणे काढले, चार-चार मोजून बाजूला सारले, उरलेल्यांचा ढीग मांडत होते, आणि मागे ती बाई आकडे वाचत होती. माझा हात थांबला. अगं, ही दाणेच टाकते आहे कोणासाठी तरी! फक्त शिकलेली नीट नाही. सात म्हणते, नऊ म्हणते. चारच्या वर ढीग नसतो हे पाळण्यातल्या पोराला कळतं. मी तिची चूक पदरात घेतली. सातातून चार काढायचे, नवातून दोनदा काढायचे, शून्य आलं तर चार धरायचे. तिचे पहिले नऊ आकडे तीन ओळींत मांडले: वर डोकं, मधे काळीज, खाली पाय. पायांच्या मधला ढीग घोड्याचा. एक किंवा तीन दाणे म्हणजे घोडा सुटला, वाट मोकळी. दोन किंवा चार म्हणजे घोडा बांधलेला. घोडा बांधलेला निघाला. आणि खरंच, अनिपाची घोडी तिच्या सख्ख्या दिराच्या अंगणात बांधलेली सापडली. तो म्हणाला, मी तिची राखण करत होतो. अनिपाने त्याची राखण लाटण्याने केली. मग ती वाळल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी घेऊन आली आणि मला म्हणाली, "ही तुझ्यासाठी नाही हं आजी, रेडिओतल्या बाईसाठी."

यावरून मला युक्ती सुचली. म्हाताऱ्याला म्हटलं, तुमचा त्या बाईवर एवढा जीव, तर आपण जायचं की राहायचं हे तीच सांगू दे. नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. म्हणाला, "जा म्हणाली तर मुकाट्याने जाईन." मेलिस मित्राची गाडी घेऊन आला त्याच दिवशी बैठक भरली. मेलिस खाटेवर, अनिपा दारात, म्हातारा रेडिओपाशी, मी लोकरीच्या नमद्यावर दाणे घेऊन. धून वाजली, बाई बोलली. डोकं बरं आलं, काळीजही चालण्यासारखं आलं. आठवा आकडा घोड्याचा. मी चार काढले, मधे दोन दाणे उरले.

बांधलेला.

मेलिस भडकला. "आई, ती बाई तुम्हाला ओळखते तरी का?" मी म्हटलं, "तुझी बायको तरी कुठे ओळखते? तिच्याकडे राहायला निघालोच होतो ना." अनिपा हसली, ते त्याला लागलं. जेवून तो एकटाच परत गेला. तर कलिपा, या हिवाळ्यातही आम्ही इथेच. मी त्या रेडिओवालीवर फार रागावले आहे. पातेली पुन्हा उघडली आहेत. सगळ्यांना माझा निरोप सांग, मेंढ्यांनाही.

तुझी थोरली,
बुरुलचा

ता. क. तुझ्या वाफ्यातला काळ्या घेवड्याचा एक दाणा पाठव. माझ्याकडे चाळीसच उरले आहेत.

ता. क. आणखी एक. कुठे गेला म्हणून विचारशील. बाहीत गेला. आठवा आकडा सात होता. म्हाताऱ्याने मनात चार काढले असणार, कारण मी दाणे मांडायच्या आतच तो उठून बाहेर गेला आणि पोपलरवरची तार सोडायला लागला. मला त्याची दया वगैरे आली नाही. पुन्हा ती बाल्कनीतली गोधडी रोज बघायची नव्हती, एवढंच. मी मोठ्याने "बांधलेला" म्हटलं, तेव्हा तो कोपराला तार गुंडाळत दारात उभा होता. त्याने ढिगाकडे पाहिलं, मग माझ्या बाहीकडे पाहिलं, आणि चहा मागितला.

ता. क. शेवटचं, आणि पत्र यासाठीच आहे. मेलिससाठी बोरसोकची, तळलेल्या कणकेच्या तुकड्यांची पिशवी बांधताना तो दाणा बाहीतून तिच्यात पडला. पोराच्या दाताखाली तो येईल, आणि आकडा सात होता हे त्यानेही ऐकलं आहे. दाण्यांची रीत त्याला येत नाही, म्हणून तो तुलाच फोन करील. विचारेल, मावशी, सातातून चार गेले की किती उरतात. तू सांग, आपल्या घरात दोन उरतात, आईच्या वेळेपासून.