चिंचखोरीच्या विहिरीचे पाणी मोजण्यास मदत मिळणेबाबत

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हाधिकारी कार्यालय, उस्मानाबाद.

अर्जदार: तारामती बिभीषण ओव्हाळ, बालवाडी शिक्षिका, मु. चिंचखोरी, ता. भूम.

विषय: मौजे चिंचखोरी येथील सार्वजनिक विहिरीच्या पाण्याची दर सोमवारची मोजणी चालू ठेवणे व शेजारच्या गावांत ती सुरू करणे यासाठी अनुदान मिळणेबाबत.

संदर्भ: भूमच्या आठवडी बाजारात आपली जीप अडवून आम्ही महिलांनी केलेली तोंडी विनंती व त्यावर "लेखी द्या" हे आपले उत्तर.

महोदय,

आपण लेखी द्या म्हणालात, म्हणून सविस्तर देत आहे. लांबल्यास क्षमा असावी. थोडक्यात सांगितले तेव्हा कोणत्याच कार्यालयाला समजले नाही, असा आमचा अनुभव आहे.

१. गेल्या साली आमच्याकडे पाऊस नावापुरता झाला. त्याच साली आमच्या गावच्या बनाबाई यांच्या नातीचे लग्न माकणी गावी ठरले. बनाबाई मेंढरे राखतात, विधवा आहेत व नात त्यांनीच लहानाची मोठी केली आहे. माघात वरपक्षाचा निरोप आला की, तुमच्याकडे पाहुण्याला तांब्याभर पाणी मिळेल याची खात्री नाही, तरी लग्न आमच्याच दारात करू. बनाबाईंना हे फार लागले. त्यांनी ग्रामसभेत उभे राहून एवढेच विचारले की, आपल्या विहिरीचे पाणी वैशाखापर्यंत पुरेल काय. सरपंच श्रीपतराव म्हणाले, पुरेल. कोंडिबा म्हणाले, पाडव्यालाच तळ दिसेल. एका वृद्ध गृहस्थांनी निजामाच्या काळापासून ही विहीर आटलेली नाही, असे सांगून विषय मिटवला. उत्तर सर्वांनी दिले, विहिरीत मात्र कोणीच डोकावले नव्हते.

२. दुसऱ्या दिवशी बनाबाई बालवाडीत आल्या. त्यांचे बंधू तेरखेड्यास फटाक्यांच्या कारखान्यात कामाला आहेत. त्यांच्याकडून आणलेली सुतळी आम्ही पीळ देऊन दोर केली, हात-हात अंतरावर रंगीत चिंध्या बांधल्या व टोकाला दगड लावला. बनाबाईंना लिहिता येत नसल्याने चिंध्या मोजून आकडा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. येथे नमूद करणे भाग आहे की, मी बौद्ध आहे. आमच्या वस्तीची झरी ओढ्यात आहे व गावच्या विहिरीच्या कट्ट्यावर त्या दिवसापर्यंत आमच्यापैकी कोणी पाय ठेवलेला नव्हता. कट्ट्यावर चारचौघे बसले होते. त्यांपैकी धोंडप्पा यांनी सुचवले की, बाईंनी खाली उभे राहून लिहावे, आकडा वरून ओरडून सांगता येईल. त्यावर बनाबाई म्हणाल्या, "वाकून बघितल्याबिगर कुणालाच आकडा दिसत न्हाय. ती वर येईल, न्हायतर माझ्या नातीच्या लग्नाला पाणी तुमी कुठनं आणता ते सांगा."

धोंडप्पा सरकून बसले. मी वर गेले. वाकून चिंध्या मोजल्या व पहिला आकडा मीच मोठ्याने वाचला. ही बाब अर्जात लिहिण्याची नाही, तरी लिहिली आहे.

३. त्यानंतर दर सोमवारी मोजणी होऊन आकडा शाळेच्या भिंतीवर गेरूने लिहिला जाऊ लागला. पाणी आम्ही उपसत होतो त्याहून वेगाने उतरत होते. फक्त एका आठवड्यात ते उतरले नाही, उलट थोडे चढले. त्या आठवड्यात महांतप्पा लेकीकडे अक्कलकोटास गेले होते व खालच्या अंगाला त्यांच्या मळ्यातील विहिरीवरचे इंजिन बंद होते. महांतप्पा हे आमच्या गावचे मोठे बागायतदार असून त्यांचा ऊस सहकारी कारखान्यास जातो. आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सर्वांना ताक दिले व हसून विचारले की, माझ्या इंजिनाचा आवाज गावच्या विहिरीला ऐकू जातो काय. त्यांच्या पत्नी हरणाबाई आत भाकरी करत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या की, प्यायचे पाणी आपल्याही घरात गावच्याच विहिरीचे येते आणि घागरीत गाळ येतो तो मला दिसतो.

महांतप्पा यांनी आठवडाभर इंजिन बंद ठेवणे कबूल केले. अट अशी की, मोजणी ते स्वतः करतील. सोमवारी ते आले. आमच्या दोरावर विश्वास नसल्याने स्वतःचा दोर व स्वतःचा दगड घेऊन आले. एकदा सोडला, पुन्हा सोडला, मग आमचाही दोर मागून घेतला. पाणी चढलेलेच होते. त्यांनी दोन्ही दोर गुंडाळून ठेवले. मग म्हणाले, "म्या काय चोरी केली न्हाय. पर पाणी माझ्याकडंच येत हुतं, व्हय."

त्या दिवसापासून पावसापर्यंत त्यांचे इंजिन सुरू झाले नाही. उभा ऊस गावाने जनावरांना वैरण म्हणून घेतला. त्यांचे नुकसान झालेच, ते आम्ही नाकारत नाही. सध्या महांतप्पा आमच्या मोजणी मंडळाचे अध्यक्ष असून, आकडा चुकीचा लिहिल्यास सर्वांत जास्त तेच रागावतात.

४. लग्न वैशाखात चिंचखोरीतच झाले. वरपक्षाने खात्री नसल्याने दोन पिंपे पाणी बैलगाडीत बरोबर आणले होते. बनाबाईंनी ती उतरवून घेतली व त्यात पाहुण्यांचेच बैल धुऊन दिले. मांडवाचे पाणी गावच्या विहिरीचे होते. ते भरायला आमच्या वस्तीतील बाया कट्ट्यावर चढल्या तेव्हा रहाटाला हात धोंडप्पांचा होता.

५. आता तक्रारीबाबत. सुतळी भिजून भिजून कुजली व गेल्या महिन्यात दगडासह विहिरीत गेली. चांगला दोर, पावसाचे मोजपात्र, भिंतीसाठी टिकाऊ रंग व शेजारच्या तीन गावांनी बोलावले आहे तेथे जाण्याचे एस.टी. भाडे एवढ्यासाठी आम्ही निरनिराळ्या कार्यालयांत गेलो. एके ठिकाणी विचारले, विहीर नवीन खोदणार काय. नाही म्हटल्यावर, मग उद्घाटन कशाचे करायचे, असा प्रश्न आला. दुसऱ्या ठिकाणी सांगितले की, सहकारी संस्था नोंदवा. नोंदणीस गेलो तर संस्थेचे उत्पादन काय, असे विचारले गेले. बनाबाई म्हणाल्या, आकडे. तेथील साहेबांनी चहा पाजला, परंतु नोंदणी केली नाही. तिसऱ्या ठिकाणी अत्यंत सौजन्याने समजावण्यात आले की, विहीर कोरडी पडल्यास टंचाई निधीतून मदत करता येईल, कोरडी पडू नये म्हणून मदत करण्याची तरतूद नाही. तरी आपण पडल्यावर या, असे ते म्हणाले. महांतप्पा यांना हे इतके पटले की, परतीच्या बसमध्ये त्यांनी इंजिन पुन्हा सुरू करण्याची तयारी दाखवली. हरणाबाई सोबत असल्याने तो विचार भूम येण्याआधीच रद्द झाला.

६. सबब विनंती की, वरील साहित्य व प्रवासखर्च मंजूर व्हावा. दोर कसा सोडावा हे शिकवायला बनाबाई विनामोबदला येण्यास तयार आहेत, मात्र त्या मेंढरे कोणाकडे सोपवायची ते आधी ठरवून द्यावे लागेल. आमचे काम कोणत्या लेखाशीर्षात बसते हे आम्हांस माहीत नाही. याबाबत एक सुचवावेसे वाटते. यंदाच्या टंचाईत आसपासच्या गावांना टँकर लागले. चिंचखोरीने टँकर मागितला नाही व तो आलाही नाही. त्या न आलेल्या टँकरचे डिझेल शासनाकडे कुठेतरी शिल्लक असेलच. आमचा खर्च त्यातून भागवावा. उरेल ते परत करू.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी, नम्र,

तारामती बिभीषण ओव्हाळ
(बनाबाई यांचा अंगठा, महांतप्पा व हरणाबाई यांच्या सह्या)

चिंचखोरी, दि. १६ जून १९८६

सोबत: शाळेच्या भिंतीवरील आकड्यांची नक्कल व ग्रामसभेचा ठराव.