आबांची बाजू

मॅडम, आज वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, जे आपल्याला पटतच नाही, त्याची बाजू कशाला लिहायची?" मला हसू आलं आणि पाठोपाठ तुमची इतकी आठवण आली की खडू हातातच राहिला. "लिहून तर बघ," एवढंच म्हणालो. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तरी पिंपरीच्या कॉलेजातली आपली एम.ए.ची ती खोली, कुरकुरणारा पंखा, तुमच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी, सगळं जिथल्या तिथं आहे.

माझा पहिला निबंध आठवतो? 'कारखाने आणि गाव' असा विषय दिला होतात. मी महाळुंग्याचा, आमचं रान कंपनीच्या भिंतीआड गेलेलं. मग काय, कोयता घेऊनच बसलो. जमिनी विकणारे हावरट, दारात जीप आणि गळ्यात चेन आली की यांना गाव कशाला हवं, असं पानंच्या पानं. आमचं रान माझ्या वडिलांनीच, आबांनीच विकलं होतं आणि त्यांच्याशी मी कामापुरतंच बोलायचो. तुम्ही कागद परत दिलेत. "शिव्या झकास आहेत. निबंध कुठाय?" वर्ग खो खो हसला. मग हळूच म्हणालात, "ज्याच्याविरुद्ध लिहितोस, त्याची बाजू अशी मांड की ऐकून त्यानं मान डोलावली पाहिजे. त्यानंतर खुशाल खोडून काढ." मला असा राग आला होता म्हणून सांगू!

त्याच आठवड्यातला रविवार, आबा ओट्यावर लसूण सोलत बसलेत. मी समोर बसतो आणि विचारतो, "का दिलीत जमीन?" इतक्या वर्षांत एवढा साधा प्रश्न मी त्यांना विचारलेलाच नाही. आबा मान वर करत नाहीत. "समद्यांनी दिली. मधी आपलंच रान ऱ्हायलं असतं. चहूकडं कंपाउंड. बैल काय वरनं सोडायचं व्हतं?" रानाची वाटच बंद होणार होती, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

निबंध पुन्हा लिहिला, आबांना वाचून दाखवला. माझं मत तेच राहिलं, की गावानं एकजुटीनं नकार द्यायला हवा होता. शिवी मात्र एकही उरली नाही. तुम्ही तो वाचून चष्मा काढलात. "आता याला तुझं मत म्हणता येईल." मॅडम, त्या दिवशी मी निगडीपर्यंत बसमध्ये उभा होतो आणि मला जग जिंकल्यासारखं वाटत होतं. निघताना तुम्ही विचारलंत, "वडिलांनी मान डोलावली?" मी हो म्हणालो.

पुढचं तुम्हाला सांगितलंच नाही. आता पत्र टाकायला तुमचा पत्ताही नाही, म्हणून सांगतो. मान डोलावून झाल्यावर आबा म्हणाले होते, "बरुबर लिवलंस. पर येक ऱ्हायलं."

"काय?"

"मला बी द्यायची नव्हती."

ते वाक्य निबंधात कुठं बसवायचं, मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.