मौनीबाबा का ओरडला नाही

मंगळवार, दि. ४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी मुकादम झाल्याचं तू आईला सांगितलंस आणि आईने अख्ख्या आळीला. हे पत्र मात्र तुझ्यापाशीच ठेव.

आमच्या धुलाई कारखान्यात दवाखान्यांच्या चादरी येतात. तापलेल्या रुळांतून चादर काढायला दोघं लागतात. एक सरकवतो, दुसरा अलीकडून किंवा पलीकडून ओढून घेतो. कामगार काही किनाऱ्याकडचे, काही डोंगराकडचे. काम करताना आपापल्यातच, जेवतानाही वेगळे. मालक म्हणाले, हे कळप मोड. मी मोडले. प्रत्येक जोडीत एक इकडचा, एक तिकडचा, आणि रुळांच्या दोन बाजूंना उभे. काही अडकलं तर समोरच्याने ‘थांब’ म्हणून ओरडायचं, हेही बजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

काल किनाऱ्याकडच्या काकांची बाही चादरीबरोबर आत ओढली जाऊ लागली. त्यांचं लक्ष नव्हतं. समोर डोंगराकडचा, ज्याला सगळे मौनीबाबा म्हणतात. त्याने पाहिलं, पण ओरडला नाही. वळसा घालून काकांकडे धावत सुटला. पोचेपर्यंत काकांची बोटं भाजली होती.

किनाऱ्याकडचे म्हणतात, त्याने मुद्दाम होऊ दिलं. तो खाली मान घालून उभा. मालक म्हणतात, शनिवारी त्याला काढ. काढायचं मीच. त्याची बायको पोटुशी आहे. ताई, धावायला जमलं, मग ओरडायला काय झालं होतं? मला अन्न गोड लागत नाही.

लोभ आहेच, या आठवड्यात जरा जास्त असू दे.

तुझा,
धाकटा


गुरुवार, दि. ६

चि. मुकादमसाहेबांस,
अनेक आशीर्वाद.

एवढा घाबरलास तरी शुद्धलेखनाची एक चूक नाही. धन्य आहेस.

माझं नवीन लग्न झालं होतं तेव्हाची गोष्ट. मामंजी चष्मा न लावता खोकल्याच्या औषधाऐवजी फरशी पुसायच्या फिनेलची बाटली पेल्यात ओतत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात. ‘थांबा’ एवढंच म्हणायचं होतं, पण सासऱ्यांना ते म्हणायला तोंडच उघडेना. पळत जाऊन पेल्यावर हात ठेवला. अजून घरात माझी थट्टा होते.

त्याला चारचौघांत विचारू नकोस, बाजूला घे. आणि तू जोड्या मोडण्याआधी ती माणसं कशी उभी राहायची, तेही विचार.

जेवत जा. लोभ वाढताच आहे.

तुझी,
ताई


रविवार, दि. ९

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं. तो म्हणाला, बापाच्या वयाच्या माणसाला आमच्यात असं ओरडून अडवत नाहीत, कोपराला हात लावतात. म्हणून डोंगराकडचे दोघं रुळांच्या एकाच बाजूला, खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. मला वाटायचं, गप्पा मारायला. मीच त्याला समोर नेऊन ठेवला होता, मध्ये तापलेले रूळ.

शनिवारी मालकांसमोर हे सगळं सांगितलं, काकांच्या देखत. जोड्या मी लावल्या, कोणाला न विचारता लावल्या, असंही म्हणालो. मालक म्हणाले, कुणाची तरी चूक ठरलीच पाहिजे. तेव्हा काका पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून म्हणाले की हा धावत येताना मी पाहिला होता, मला ढकलायला येतोय असं वाटून मीच हट्टाने जागेवरून हललो नाही. आमच्याकडे मुलंसुद्धा बापावर ओरडतात, आणि हा गाढव पळत आला.

मौनीबाबा राहिला. मुकादमी माझी गेली. ती काकांकडे दिली आणि मी उद्यापासून घड्या घालणाऱ्यांत. काकांनी लगेच सगळ्यांना बोलावून विचारलं, कुणाला कुठे उभं राहायचंय. ताई, मला हे विचारायचं सुचलंच नव्हतं.

आईला तू काही सांगू नकोस. पुढच्या रविवारी येऊन मीच सांगेन, आळीतल्या बायका बसलेल्या असल्या तरी.

तुझा लोभ माझ्या पदावर नव्हता, म्हणून तो तसाच राहील असं धरून चालतो.

तुझा,
धाकटा