तळघरातलं पार्किंग

पपा, आज सकाळपासून दाराला आतून कडी लावून बसले आहे. मुलीला शाळेत पाठवलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तुमच्याशी बोलायची वेळ आली ती ही अशी.

आमच्या कंपनीला आपल्या गावच्या मेन रोडचं पार्किंग मोजायचं काम मिळालं. जागा किती, गाड्या किती येतात, किती वेळ थांबतात, हे दर अर्ध्या तासाला लिहायचं. बाजाराला आलेली माणसं दुकानांपुढे दोन-दोन रांगांत मोटारसायकली लावतात. त्यांतून वाट काढत मी नंबर टिपत होते आणि मनात सारखे तुम्ही. मी चौथीत असताना स्वयंपाकघरातला ओटा नुसता बघून चार फूट सांगितला होता. तुम्ही नगरपालिकेत ओव्हरसियर, बांधकामं तपासणारे. "अंदाजानंच सांगायचं होतं तर टेप कशाला मागितलीस?" म्हणालात आणि पुन्हा मोजायला लावलंत. साडेतीन फूट भरला.

भाजी विकणाऱ्या एक मावशी मला रोज बघायच्या. एकदा म्हणाल्या, "ताई, आमाला उठवून हितं गाड्यांसाठी इमारत बांधनार हायेत म्हनं. तू त्येच लिहितीस का?" मी म्हटलं, मी फक्त मोजते. "मग त्या बिल्डिंगीखालचं बी मोज की. बांधली तवापास्नं तिथं गोडाऊनच हाय."

मोजलं. मेन रोडवरच्या तीन मोठ्या इमारतींची तळघरं नकाशात पार्किंगची आहेत. आत खताच्या गोण्या, फर्निचर, बाहेर कुलपं. ती मोकळी केली तर बाजारचा दिवस सोडून सगळ्या गाड्या मावतात. भाजीवाल्यांना हलवायची गरजच नाही.

दुसऱ्या दिवशी एक वयस्कर गृहस्थ माझ्या स्कूटीपाशी उभे होते. आवाज अगदी मऊ. "ताई, तळघरं कागदावर घ्यायची काय गरज न्हाई. तुमची मुलगी पावणेपाचला सुटती ना? तिचा रिक्षावाला लई जोरात चालवतो. जरा सांगा त्याला." एवढंच बोलून गेले. तेव्हापासून दारात रिक्षा थांबली की मी आधी खिडकीतून बघते.

मग नगरपालिकेतून त्या इमारतींच्या जुन्या फायली काढल्या. एकीत तपासणीचा कागद सापडला : 'तळघर वाहनांसाठी मोकळे आहे. प्रत्यक्ष पाहिले.' खाली तुमची सही. तारीख बघितली आणि तो आठवडा डोळ्यांपुढे आला. तुम्ही भरदिवसा खिडक्या लावून बसला आहात. रविवारी चर्चलाही गेला नाहीत. बाहेर मोटारसायकल वाजली की आई मला आत ओढून घेते. "पपांना ताप आहे," म्हणते. मी तुमच्या कपाळाला हात लावते, तर कपाळ थंडगार. तुम्ही तो हात बराच वेळ सोडत नाही.

कोण आलं होतं, पपा? माझं नाव घेतलं होतं का त्यांनी?

महिन्यापूर्वी हा कागद दिसला असता तर मी तुम्हाला माफ केलं नसतं. आता तसं म्हणायचं तोंड मला राहिलेलं नाही. तीन दिवस मीही तळघरांचा रकाना कोराच ठेवला होता.

काल दुपारी अहवाल दिला. तिन्ही तळघरं लिहिली, फोटोंसकट. साहेबांनी पानं चाळून विचारलं, "नक्की ना?" मी मान हलवली. पुढे काय होईल माहीत नाही. नवरा म्हणतो, थोडे दिवस कोपरगावला बहिणीकडे राहू. तो गाडी आणायला गेलाय.

हे पत्र आईलासुद्धा दाखवणार नाही. अहवालाला तपासणीचे जुने कागद जोडायचे होते. दोन इमारतींचे जोडले. तुमच्या सहीचं पान मात्र काढून घरी आणलंय. ते बॅगेत, मुलीच्या कपड्यांखाली आहे.